इंजिनाचं दूध

रविवारी सकाळी पिंपळदऱ्याच्या काठावर पाय ठेवायला जागा नसायची. नाशिकहून मोटरसायकली यायच्या, रिक्षा यायच्या, एखादी मिनीबससुद्धा यायची. गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागूनच साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, ठाणं आहे. शेंदूर फासलेले सात दगड आणि वर पत्र्याचं छप्पर. पूर्वी तिथे वर्षातून एक उत्सव व्हायचा आणि अमावस्येला एखादा नारळ फुटायचा, तेवढंच. आता मात्र नारळवाल्यांची तीन दुकानं झाली होती.

गर्दी दगडांसाठी नव्हती. दगडांच्या शेजारी लाकडी घोडीवर होडीचं एक जुनं इंजिन उभं केलं होतं. त्याला हिरवी साडी नेसवली होती, वर ओटीचा खण आणि झेंडूचे हार. साडीच्या काठाखालून पितळी पंखा दिसायचा. त्या पंख्याच्या जरा वरून पांढरं, दाट दूध थेंबाथेंबानं खालच्या तांब्याच्या घंगाळात पडायचं.

आसरा कुमारिका असतात, असं गावात मानतात. म्हणून महाराजांनी इंजिनाला मंगळसूत्र घातलं नव्हतं. कुमारिकेला दूध कसं आलं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

महाराजांचं नाव गोरक्ष. पूर्वी ते जत्रांमधून गुडघेदुखीचं तेल विकायचे. गाडीवर भोंगा बांधून बोलायची सवय तेव्हापासूनची. घंगाळातलं दूध पळीनं लहान बाटल्यांत भरत ते सांगायचे, "गाईचं दूध संध्याकाळी नासतं. म्हशीचं दुसऱ्या दिवशी नासतं. हे दूध वर्षभर ठेवा, नासणार नाही. याला मुंगी लागत नाही. यावर माशी बसत नाही. कपड्यावर पडलं तर डाग जात नाही, एवढी आईची माया चिवट आहे."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. लोक हात जोडायचे.

इंजिन कोंडाजीचं होतं. धरणाला वळसा घालून जाणारा पक्का रस्ता नव्हता, त्या काळात पिंपळदऱ्याची भाजी होडीनं पलीकडे जायची आणि तिथून टेम्पोनं नाशिकच्या बाजारात. कोंडाजीच्या वडिलांनी कुणा साहेबाच्या बंगल्यावरचं हे इंजिन उतरवून आणलं होतं. ते तेव्हाही जुनंच होतं. कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट, शेवंतीच्या पाट्या, सगळं या इंजिनानं वाहिलं. मग रस्ता झाला. इंजिनाच्या खालच्या पेटीत पाणी शिरायला लागलं होतं आणि त्याचे भाग कुठेच मिळत नव्हते. कोंडाजीनं ते काढून गोठ्यात टेकवून ठेवलं.

दोन वर्षांमागे आसरांच्या उत्सवाला पोरांनी हौस म्हणून इंजिन होडीला लावलं. फुगवट्यात दोन फेऱ्या मारल्या आणि ठाण्याशेजारी उभं केलं. थोड्या वेळानं त्यातून पांढरं दूध गळायला लागलं. बायांनी आधी पदर पसरले. गोरक्ष महाराज त्या दिवशी तेल विकायला आलेले होते. त्यांनी तेलाच्या बाटल्या गुंडाळल्या आणि इंजिनासमोर दंडवत घातला.

कोंडाजीनं तेव्हा एकदा म्हटलं होतं की आत पाणी शिरलंय, तेच बाहेर येतंय. कुणी ऐकलं नाही. पुढच्याच आठवड्यात महाराजांनी त्याच्या खांद्यावर भगवी शाल टाकली आणि त्याला आईचा पहिला सेवेकरी केलं. रस्ता झाल्यापासून ज्याला कुणी हाक मारत नव्हतं, त्या माणसाच्या पाया पडायला नाशिकची माणसं वाकू लागली. कोंडाजी पुन्हा पाण्याबद्दल बोलला नाही.

त्याच घरात मनीषा सून म्हणून नांदत होती. नवरा योगेश सातपूरच्या कारखान्यात पाळीनं कामाला. पहिली मुलगी झाली, नाव आरोही ठेवलं. मनीषाला अंगावर दूध कमी होतं. मुलगी रडायची आणि मनीषाही रडायची. सासू नवसाबाईनं शतावरी दिली, अळिवाची खीर दिली. ती मनानं चांगली बाई. सुनेला तिनं एकदाही टोमणा मारला नाही. पण दारात दुधाची देवी उभी असताना नातीनं उपाशी का राहावं, हे तिला कळेना.

महाराजांनी बाटली दिली. बाळाला रोज बोटभर चाटवायचं आणि आईनं पळीभर प्यायचं. मनीषानं वास घेतला, तेव्हा तिला मळमळलं. महाराज म्हणाले, अमृताची चव पाप्याला कडूच लागते, हळूहळू सवय होईल. मग मनीषानं नाक दाबून पळी घेतली आणि लेकीला बोट चाटवलं. मुलगी तोंड वेडंवाकडं करायची. तरी रोज चाटवलं.

पुढे आरोहीला ताप आला. श्वास भरभर चालू झाला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. योगेशनं तिला नाशिकच्या दवाखान्यात आणलं. बालरोगाच्या डॉक्टर योगिनी यांनी छातीचा फोटो काढला, ऑक्सिजन लावला आणि बाळाला काय काय दिलं ते विचारलं. नवसाबाई म्हणाली, काही नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही.

डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "आजी, मी रागावणार नाही. पण तुम्ही खोटं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देईन. काय चाटवलं?"

मनीषानं पिशवीतून बाटली काढली. "आईचं दूध," ती म्हणाली.

"तुमचं?"

"नाही. आसरांचं."

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला आणि बाटली टेबलावर ठेवली. त्यांना तो वास ओळखता येईना, एवढंच कळलं की हे कुठल्याही जनावराचं दूध नाही.

वास ओळखला मनीषाच्या मोठ्या बहिणीनं. उज्वला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. भाचीचं कळताच ती तास सोडून आली होती. तिनं बाटली नाकाजवळ नेली आणि झाकण घट्ट लावलं. गंधकाचा तो वास तिच्या हातांना रोज लागतो. दरवर्षी नवी मुलं येतात, गिअरबॉक्स उघडतात आणि नाक मुरडतात.

"मनू, हे गिअर ऑइल आहे. पाण्यात फेटलेलं."

मनीषानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "ताई, तू देवाला तरी सोड," ती म्हणाली.

डॉक्टर योगिनींनी तिघींना समजावून सांगितलं. दूध घशात अडकलं तर बाळाला ठसका लागतो. तेल गुळगुळीत असतं, ते ठसका न लावता श्वासनळीतून सरकतं आणि फुप्फुसात जाऊन बसतं. तिथून ते सहजासहजी निघत नाही. मुलगी वाचेल असं त्यांना वाटत होतं, पण तसं वचन त्यांनी दिलं नाही. ते ऐकून नवसाबाई बाहेर गेली आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी उज्वला पिंपळदऱ्याला गेली. ठाण्याकडे गेली नाही, कोंडाजीच्या मळ्यात गेली. तो मेथीला पाणी देत होता. तिनं मुलीची तब्येत सांगितली आणि मग विचारलं, "मामा, त्या इंजिनाच्या खालच्या पेटीत ऑइल किती मावतं?"

"तांब्याभर बी नाय."

"आणि आजवर दूध किती वाटलं असेल?"

कोंडाजीनं खोरं खाली ठेवलं. दर रविवारी घंगाळं भरून दूध गेलं होतं. तांब्याभर पेटीतून घंगाळं निघत नाहीत, हे कळायला शिक्षण लागत नव्हतं. तो बांधावर बसला.

"मला पहिल्याच दिवशी ठाव होतं पाणी शिरलंय," तो म्हणाला. "पन लोक पाया पडाया लागले, पोरी. लय बरं वाटलं. आपल्याच नातीच्या पोटात जाईल, असं नाय वाटलं."

उज्वलानं त्याला दोष दिला नाही. तिनं फक्त सांगितलं की इंजिन तुमचं आहे, तुम्ही मागितलं तर कुणी अडवू शकत नाही. आणि तुम्ही मागितलंत तर लोक ऐकतील, मी मागितलं तर नास्तिक बाई म्हणून हाकलतील.

रविवारी गर्दी नेहमीसारखी होती. महाराजांनी नासणाऱ्या आणि न नासणाऱ्या दुधाचा पाठ म्हणून संपवला, तेव्हा कोंडाजी पुढे झाला. त्यानं भगवी शाल काढून घडी घातली आणि महाराजांच्या आसनावर ठेवली.

"माझं इंजिन मला घरी न्यायचं हाय," तो म्हणाला.

महाराज हसले. आई आता सगळ्यांची झाली, ती एका घराची राहिली नाही, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. कोंडाजीनं ऐकून घेतलं आणि इंजिनाची साडी वर उचलली. महाराजांचा एक चेला आडवा आला, पण पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी त्याला मागे ओढलं. कोंडाजीच्या बापाला इंजिन खांद्यावरून आणताना त्यांनी पाहिलं होतं.

साडीखाली सलाईनची नळी होती.

असल्या जुन्या इंजिनांना पेट्रोलची टाकी वरतीच असते, डोक्यावर टोपी घातल्यासारखी. तिच्यातून ती पारदर्शक नळी निघून मागच्या बाजूनं खाली उतरली होती आणि खालच्या पेटीच्या वरच्या स्क्रूच्या भोकात खोचली होती. खालचा स्क्रू सैल होता, त्याचा वॉशर काढलेला. नळीतून पांढरं पेटीत उतरत होतं आणि सैल स्क्रूपाशी थेंब होऊन गळत होतं.

उज्वला पुढे आली. नळीवरची छोटी चाकी, जी नर्स फिरवते, ती तिनं फिरवून बंद केली. घंगाळात थोडे थेंब पडले आणि मग थांबले. तिनं चाकी उघडली. दूध पुन्हा सुरू झालं. तिनं हे सावकाश, तीन-चार वेळा केलं. एका माणसानं पुढे येऊन स्वतः चाकी फिरवून पाहिली, मग त्याच्या बायकोनं.

कोंडाजीनं टाकीचं झाकण काढलं. टाकी त्याच पांढऱ्या दुधानं काठोकाठ भरलेली होती.

महाराज गडबडले नाहीत. जत्रेत वर्षं काढलेला माणूस. ते म्हणाले की गर्दी वाढली, सगळ्यांना प्रसाद पुरावा म्हणून आईचंच दूध साठवून सोडतो, त्यात लपवण्यासारखं काय. मग आवाज चढवून त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी नळी होती का? सांगा की. कोंडाजी, तू होतास. पहिलं दूध कुठून आलं?"

गर्दीत कुजबुज झाली. खरंच, पहिल्या दिवशी नळी नव्हती. शेकडो डोळ्यांनी पाहिलं होतं.

"प्रश्न बरोबर आहे," उज्वला म्हणाली. "उत्तर द्यायलाच पाहिजे."

तिनं आणलेला गिअर ऑइलचा डबा उघडला. मधाच्या रंगाचं, पलीकडचं दिसेल असं स्वच्छ ऑइल तिनं एका रिकाम्या डेऱ्यात ओतलं. त्यात धरणाचं पाणी घातलं. मग तिनं गर्दीकडे पाहिलं. ताक घुसळायला बसणारी बाई हवी होती. पुष्कळ होत्या. पण उठली ती नवसाबाई. ती दवाखान्यातून सकाळच्या गाडीनं आली होती आणि विहिणीच्या लेकीशी अजून नीट बोलत नव्हती. तिनं रवी घेतली, दोरी गुंडाळली आणि रोजच्यासारखी बसली.

सुरुवातीला ऑइल वर आणि पाणी खाली राहिलं. मग मिश्रण गढूळ झालं, मग राखी. नवसाबाईचा हात थांबला नाही. मग ते पिवळसर झालं आणि शेवटी पांढरं झालं, दाट, सायीसारखं. तिनं रवी वर काढली. रवीच्या पाकळ्यांवरून दूध गळत होतं. तिनं ते बोटावर घेतलं, नाकाशी नेलं, आणि ते बोट तसंच धरून बसून राहिली.

"हेच," ती म्हणाली. "हेच मी माज्या नातीला चाटवलं."

त्यानंतर लोकांना फार समजावावं लागलं नाही. उज्वलानं तरी पूर्ण केलं, कारण अर्धं सांगितलेलं लोक आपल्या मनानं पुरं करतात. पेटीत दातेरी चाकं असतात, ती ऑइलमध्ये बुडून फिरतात. ही पेटी पाण्याखाली चालते. पंख्याचा दांडा पेटीतून जिथे बाहेर येतो, तिथे रबराची एक कडी असते, तिला सील म्हणतात. ऑइल आत ठेवायचं आणि पाणी बाहेर, एवढंच तिचं काम. सील गेलं की पाणी आत शिरतं आणि दातेरी चाकं नवसाबाईच्या रवीचं काम करतात. टाकीतलं दूध महाराजांनी असंच फेटून भरलेलं होतं.

सील गेलंय कशावरून, असं कुणीतरी विचारलं. उज्वलाला तो माणूस आवडला. तिनं पेटीतलं दूध काढून टाकलं, खालचा स्क्रू नवा वॉशर घालून आवळला आणि पेटी पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवली. वरच्या भोकाला नळी जोडून सायकलचा पंप लावला. त्या माणसालाच हवा मारायला सांगितलं. पंख्याच्या दांड्यापासून बुडबुड्यांची माळ वर आली. पंक्चर काढताना सगळ्यांनीच ती पाहिलेली होती.

"हवा जिथून बाहेर येते, तिथूनच पाणी आत जातं," ती म्हणाली. "महाराज, मी हे सील बदलते. देवीचं दूध असेल तर ते रबराच्या कडीनं थांबणार नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बघू."

महाराज म्हणाले, बघू.

आठवडाभर इंजिन आयटीआयच्या कार्यशाळेत होतं. पंखा काढल्यावर त्याच्या मागे नायलॉनच्या दोरीचा घट्ट गुंडाळा निघाला. भाजीच्या क्रेटची दोरी कधीतरी पाण्यात पडून पंख्याला गुंडाळली होती आणि तिनंच सील कापलं होतं. त्या मापाचं सील आता कुणी बनवत नाही. उज्वलानं दांडा आणि बैठक मोजून सातपूरच्या बेअरिंगच्या दुकानातून स्कूटरचं एक सील शोधून काढलं. दांड्यावर जुन्या सीलनं घासून खाच पाडली होती. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर पुन्हा गळलं असतं. म्हणून तिनं ते केसभर बाहेर ठेवून बसवलं, म्हणजे त्याची कड कोऱ्या धातूवर टेकेल. दोन्ही स्क्रूंना नवे वॉशर घातले. ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरलं आणि वरच्या भोकातून बाहेर डोकावल्यावर थांबवलं, म्हणजे आत हवा अडकून राहत नाही. पुन्हा पिंपात बुडवून पंप मारला. बुडबुडा आला नाही.

टाकी धुऊन त्यात पेट्रोल भरलं. रविवारी कोंडाजीनं इंजिन होडीला अडकवलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ते चालू झालं. तो फुगवटा ओलांडून पलीकडच्या काठाला गेला आणि परत आला. इंजिन घोडीवर उभं केलं. लोक वाट पाहत बसले. ऊन चढलं. पंख्यावरून पाण्याचे थेंब पडले, ते वाळले. दूध आलं नाही. मग कोंडाजीनं खालचा स्क्रू काढून वाटीत थोडं ऑइल घेतलं आणि वाटी सगळ्यांत फिरवली. ते मधाच्या रंगाचं होतं आणि वाटीच्या तळावरचं चिन्ह त्यातून दिसत होतं.

महाराज आले नव्हते. ते बुधवारीच तीर्थयात्रेला गेले होते. डॉक्टर योगिनी आणि उज्वला यांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली होती, त्यामुळे पोलिसांनाही त्या तीर्थाचा शोध घ्यावा लागला. ते दुसऱ्या जिल्ह्यात एका बंद हातपंपाजवळ सापडले. पंपाला पितांबर नेसवून झालं होतं.

गावात सगळेच समाधानी झाले असं नाही. नारळवाले नाराज होते. एक गृहस्थ तर अजून सांगतात की दूध खरंच होतं, बाईनं रबर घालून अडवलं. त्यांना पिंप आणि पंप दाखवायची तयारी उज्वलानं कायम ठेवली आहे.

आरोही बरेच दिवस दवाखान्यात होती. एका रात्री श्वास फार वाढला तेव्हा नवसाबाईनं देवाचं नाव घेतलं आणि नर्सलाही हाक मारली. हळूहळू मुलगी सावरली. डॉक्टरांनी सांगितलं आहे की फुप्फुसं वरचेवर तपासावी लागतील. मनीषाला तिथल्या नर्सनं बाळाला कसं धरायचं, किती वेळा पाजायचं ते शिकवलं. दूध वाढलं, थोडं कमी पडलं तेवढं डॉक्टरांनी सांगितलेलं वरून दिलं. यात चमत्कार काही नव्हता. म्हणूनच ते टिकलं.

मनीषा बहिणीशी फारसं बोलली नाही त्याबद्दल. एकदाच म्हणाली, "ताई, त्या पळीनं मला मळमळलं होतं. माझ्या नाकाला कळलं होतं गं."

नंतर पिंपळदऱ्याच्या अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या आया बाळं घेऊन आल्या होत्या. मनीषा आरोहीला घेऊन रांगेत उभी होती. अंगणवाडीताईंनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिला भाषण येत नव्हतं. ती जागेवरूनच बोलली.

"देवाला मानू नका असं मी म्हणत नाही. मी अजून आसरांना हात जोडते. पण बाळाच्या तोंडात काही घालायच्या आधी विचारा. हे काय आहे, कशापासून झालंय, कुणी केलंय. सांगणारा चिडला तर समजा की त्याला सांगता येत नाही. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. महाराजांना विचारा, सासूला विचारा, डॉक्टरला पण विचारा."

मग रांगेतली पहिली बाई, जिची पाळी होती, तिनं बाळाला छातीशी धरलं आणि नर्सला म्हणाली, "बाई, या सुईत काय हाय?"

नर्सनं सुई ट्रेमध्ये ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला बसली. रांग थांबली. कुणी घाई केली नाही.